अक्काइनला राहणारी माणसं

वेर्नी
शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९१३

चि. बेसेन यास थोरलीचा सलाम आणि दुवा.

तुझं पार्सल परवाच्या टपालगाडीने पोचलं. आत निघालं ते असं: खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या दोन (एकीचं बूच सैल होतं, बरंचसं सांडलं), लोकरी शाल एक, जर्दाळू, खडीसाखरेची पुडी आणि आईसाठी चष्मा. शालीवरची किमतीची चिठ्ठी काढायला तू विसरलास. साडेसहा रूबल. एवढ्या महागाची शाल घेऊ नये. इथल्या बाजारात साडेतीनला मिळते आणि लोकर हिच्याहून दाट असते. टपालवाल्याने वजनात फरक काढून वीस कोपेक घेतले, ते मी घरखर्चात धरलेत, तुझ्या नावावर नाही.

शाल कापूर घालून पेटीत ठेवली आहे.

इकडे अल्लाहच्या मर्जीने चूल पेटते आहे. भूकंपात तडकलेली भिंत तुझ्या दाजींनी अजून लिंपून घेतलेली नाही. उन्हाळ्यात बघू म्हणतात, म्हणजे राहिलंच ते. दोन्ही मुलांना देवी टोचून घेतली. मुल्ला नको म्हणत होते. मी पडद्याआडून विचारलं, "मुल्लासाहेब, तुमच्या नातवाच्या दंडावर ती खूण कसली आहे?" मग चहा पिऊन गेले. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या लिहिण्यावरून वाटतं की तू सोडून आम्ही सगळे काळाकडे पाठ करून बसलो आहोत.

आईचा खोकला थांबला आहे. औषध आता लागणार नाही. भरलेली बाटली शेजारणीच्या सासऱ्याला दिली.

काल शहरात राजघराण्याला तीनशे वर्षं झाल्याचा उत्सव होता. सकाळपासून घंटा. चौकात एका बड्या साहेबाचं भाषण झालं. साठ वर्षांमागे इथे काही नव्हतं म्हणाले, गवत आणि वारा. आज रस्ते आहेत, दिवे आहेत, दवाखाना आहे, मुलींची शाळा आहे. मी धाकट्याचा हात धरून ऐकत होते. शाळेचं खोटं कसं म्हणू? त्याच शाळेतून मी मॅट्रिक झाले. हिशेब ठेवायला तिथेच शिकले. माझ्या मागे पुऱ्या तळणारा एक जण उभा होता, तो हळूच म्हणाला, "काही नव्हतं तर माझा आजा कुणाची मेंढरं राखत होता?" चारदोन माणसं तोंडावर हात ठेवून हसली. शिपायाने वळून बघितलं तेव्हा तो परत कढईकडे गेला.

मला तुझी आठवण झाली. तू असतास तर व्यासपीठाजवळ उभा असतास, बडा साहेब काय म्हणतो ते आपल्या लोकांना समजावून सांगत.

आता खरं कारण. औषधाची बाटली तू ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होतीस, ते मी उकलून चुलीजवळ वाळवलं. वाया घालवायचं नाही म्हणून, फडताळात अंथरायला. त्यात तुझा लेख निघाला. मुद्दाम धाडलास की हाताला आलं त्या कागदात गुंडाळलंस ते तुलाच माहीत. औषध लागून मधल्या काही ओळी गेल्या आहेत, पण ही जागा स्वच्छ आहे: "हिवाळी तळ गेले म्हणून रडणाऱ्यांना मी विचारतो, आपण तिथे वर्षातून किती महिने होतो? मी मोजणीपथकाबरोबर हिंडलो आहे. अक्काइनसारख्या जागी भर उन्हाळ्यात माणसाचा मागमूस नव्हता. नुसतं छातीभर गवत. जो समाज असं गवत वाया घालवतो त्याच्यासाठी इतिहास थांबून राहत नाही. आज जमीन जाईल, पण उद्या शाळा येईल, डॉक्टर येईल, आगगाडी येईल."

तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते कापड मोजत होते. म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, जमीन आधी का आणि शाळा नंतर का? बाजारात असा व्यवहार कुणी मांडला तर मी त्याला दोरा उधार देणार नाही." मग गज खाली ठेवून म्हणाले, "पुढे जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण पुढे जायचं ते यांनी आणि भाडं भरायचं आपण, हे कसं?"

मी कागद पुन्हा उचलला. माझं मन "वाया" या शब्दावर अडकलं होतं.

बेसेन, तुला सांगायला हवं असं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या हिवाळी तळाचं, अक्काइनचं गवत बर्फ वितळून आपण वर कुरणांकडे निघालो की त्या दिवसापासून पहिला बर्फ पडेपर्यंत राखलेलं असायचं. बाबा दोन खांबांना पांढरं फडकं बांधत. त्यापलीकडे कुणाचं खूर पडलं तर दंड म्हणून घोडा द्यावा लागे, आणि एकदा बाबांच्या सख्ख्या भावाने दिला. कशासाठी, तर कधी हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठतो, गवतावर काच चढते, गुरांना खुरांनी ती फोडता येत नाही आणि ती उभ्या उभ्या मरतात. त्या सालासाठी ते छातीभर गवत. काचेच्या वर डोकं काढून उभं राहील एवढं. तू लहानपणी त्यात लपायचास आणि बाबा तुला पायांवर फटके मारायचे, गवत मोडतं म्हणून. वाया जात असलेल्या वस्तूसाठी कुणी पोराला मारतं का?

आणि माणसाचा मागमूस नव्हता म्हणतोस. तो का नव्हता ते तुला पुरतं माहीत नसेल म्हणून लिहिते. तू त्या दिवशी साहेबाबरोबर होतास, मी आईबरोबर.

वर कुरणावर निरोप आला, मोठा मोजणीसाहेब येतोय आणि दुभाषा म्हणून आपला बेसेन. आई ताक घुसळत होती, रवी तशीच सोडून उठली. राहुटीचे लोकरी नमदे झटकले, दोन मेंढे बांधून ठेवले, मला शहरातून साखर आणि चांगल्या पेल्यांसकट बोलावून घेतलं. मग तिला खालची आठवण झाली. म्हणाली, "साहेब उद्या अक्काइन बघायला उतरणार. तिथे काय दिसेल त्याला? तोक्बायची फाटकी विजार?"

ज्याची गुरं सरली तो वर चढू शकत नाही, खालीच राहतो, ओढ्याकाठी वरी पेरतो. आपल्यात त्याला 'बसलेला' म्हणतात. आपले बसलेले म्हणजे तोक्बाय आणि त्याची बायको उमसिन. पाहुण्याला बसलेला माणूस दिसला म्हणजे त्या वस्तीच्या मोठ्यांचं नाक गेलं, की एवढे कळप असून यांना आपल्या माणसाला एक घोडी उसनी देववली नाही. आईने त्या दोघांना वर आणायला दोन घोड्या खाली पाठवल्या आणि पाठोपाठ मला घेऊन स्वतः गेली.

उमसिन कुरकुरत होती. "वरी कणसात आलीय. राखण कोण करणार? चिमण्या खातील."

"खाऊ देत. मी पोतं भरून देईन तुला."

"तुमच्या पोत्यातली वरी आणि माझ्या हातची वरी सारखी का?"

"उमसिन, माझा मुलगा साहेबाला घेऊन येतोय. तुझाही आहे तो. आज माझं ऐक."

मग ती ऐकून वर गेली. तुझ्या वेळी आई तापाने फणफणली होती तेव्हा उमसिननेच तुला दूध पाजलं, आणि ही गोष्ट काढली की तिचं तोंड बंद होई. तोक्बायला आईने बाबांचा मखमली कोट दिला, साहेबाचा घोडा धरून वाट दाखवायला. तो अंगात घालून स्वतःकडे बघत म्हणाला, "वहिनी, हा घालून मी मेंढ्यांपुढे गेलो तर त्या उठून उभ्या राहतील." आई हसली. ती तशी हसलेली मी पुढे फार कमी वेळा पाहिली.

त्यांच्या खोपटाचं दार काढलं. जातं उचलून वेतांच्या झाडीत लपवलं. चुलीतली राख ओढ्यात टाकली. आईने स्वतःच्या हाताने अंगणात खराटा फिरवला. पाहुण्यासाठी जागा अशी स्वच्छ केली की तिथे कधी कुणी स्वैपाक केला असेल असं वाटू नये.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं तुला आठवतच असेल. साहेब माणूस वाईट नव्हता. उमसिनच्या डोळ्यांत औषधाचे थेंब त्याने स्वतः घातले, ती कोण हे न विचारता. मग घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा पेला हातात घेऊन बोलायला लागला आणि तू भाषांतर करत होतास. माणसाची जात म्हणे एक जिना चढत आली. आधी शिकारी, मग गुराखी, मग शेतकरी, मग शहरातला माणूस. "आम्हीही एके काळी तुमच्यासारखे कळपामागे हिंडत होतो."

आई म्हणाली, "विचार त्याला, मग दमले का?"

सगळे हसले, तू हसत हसत सांगितलंस, साहेबही हसला. म्हणाला, "दमलो नाही, आई. पुढे गेलो."

आई म्हणाली, "पुढे गेलेला माणूस मागच्याच्या घरात परत कशाला येतो, तेही विचार."

ते तू सांगितलं नाहीस. तू साहेबाला म्हणालास, आई म्हणते तुमचं बोलणं फार सुंदर आहे. मला रशियन येतं हे त्या घटकेला तू विसरलास. मी पेले पुसत होते. तुझ्याकडे बघितलं, तू बघितलं नाहीस. तेव्हा वाटलं पाहुण्याचा मान राखलास. आजही बहुतेक तसंच वाटतं.

त्यानंतरचं तुला कागदावर माहीत आहे, आम्हाला अंगावर. नोंदीत अक्काइन "रिकामी" आणि म्हणून जादा ठरली, सरकारजमा झाली. आई शहरातल्या कचेरीत गेली, मी तिच्याबरोबर. तिथला कारकून अदबीने बोलला. "आजी, नोंदीप्रमाणे तिथे कोणी राहत नाही. कोणी राहत असतं, शेत केलं असतं, तर त्याच्या वाट्याची जमीन सोडली असती. कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे." बाहेर पायरीवर आई खूप वेळ बसून राहिली. तिने मला एवढंच विचारलं, "म्हणजे तोक्बाय तिथे असता, त्या फाटक्या विजारीत, तर?" मी हो म्हटलं. ती उठली आणि चालू लागली. त्यानंतर तिने खराटा हातात धरलेला मी पाहिला नाही. राहुटीसमोर कचरा साचला तरी वस्तीतल्या सुनाच काढायच्या.

आपल्या वस्तीला बदल्यात पलीकडची दगडी घळ मिळाली. मागच्या हिवाळ्यात काचेचं साल आलं. कळपाचं काय झालं ते लिहीत नाही. आईच्या दोन शेळ्या राहिल्या. म्हणजे आईच आता बसलेली झाली.

अक्काइनला दूर पश्चिमेच्या पोल्तावाकडचे शेतकरी आले आहेत. गावाचं नाव नादेझ्दिनो, म्हणजे आशा. त्यांच्यावर मी राग धरू शकत नाही, बेसेन. प्रयत्न केला, जमत नाही. त्यांच्याकडेही तिकडे जमीन नव्हती, आणि त्यांना सांगितलं होतं तिकडे रिकामी पडली आहे, जाऊन नांगरा. त्यांनी सगळं गवत नांगरलं, मग त्याच काचेच्या साली त्यांच्या गाई मेल्या. शाळेची जागा आखली आहे. तिथे खांब आहे आणि खांबावर पाटी. शिक्षक नाही, डॉक्टर नाही. आगगाडी येईल तेव्हा येईल. परास्का नावाची एक विधवा आहे, दोन मुलं वाटेतच पुरून आली. तिने तोक्बाय आणि उमसिनला कामावर ठेवलं. तोक्बाय आता तिचं शेत नांगरतो, ओढ्याच्या वळणापाशी, जिथे स्वतःची वरी पेरत होता तिथेच.

साहेबाच्या जिन्याचं मला हेच समजत नाही. तोक्बाय तर त्या पायरीवर आधीच चढून बसला होता. त्याला खाली ढकलायचं आणि पुन्हा चढायला लावायचं, पण मजूर म्हणून. याला पुढे जाणं म्हणायचं का, हे मला नीट समजावून लिही. तुझ्याइतकं मी शिकले नाही.

———

इथवर लिहून नमाजाला उठले. आता मुलं झोपायच्या आत पुरं करते.

आईचा खोकला थांबला असं मी वर लिहिलं. ते खोटं नाही. पार्सल सोडवलं त्या दिवशीच तो थांबून महिना होत आला होता. आई गेली, बेसेन. शुक्रवारची, दुपारच्या नमाजानंतर. इन्ना लिल्लाही व इन्ना इलैही राजिऊन. तार केली नाही, कारण तिनेच नको म्हटलं होतं. "तो बर्फात निघेल, घाट बंद आहेत." तू निघाला असतास का हा विचार मी करत नाही. ती म्हणाली निघाला असता, म्हणजे असता.

मी तिला शहरात आणायला किती सांगितलं. ती ऐकेना. शेवटचे दिवस ती नादेझ्दिनोलाच होती, परास्काच्या अंगणातल्या झोपडीत, उमसिनजवळ. तिथून बाबांच्या कबरीचं टेकाड दिसतं म्हणून. बाबांच्या शेजारी जागा हवी, एवढाच तिचा धोशा.

बाबांच्या कबरीपाशी साहेबाने टोपी काढली होती हे तिने मला अनेकदा सांगितलं, मोठ्या कौतुकाने. तू दुवा मागितलास आणि तो टोपी हातात धरून उभा राहिला. नकाशात मात्र ती कबर आली नाही. एकट्या कबरीने वस्ती होत नसेल. नवे लोक आले तेव्हा कबरीवरचे दगड त्यांना शेतातले दगड वाटले. परास्काने ते उचलून भट्टीच्या पायात घातले. पुढे उमसिनकडून समजलं तेव्हा ती छातीवर क्रूस काढत रडली, पण भट्टी मोडून हिवाळा कसा काढणार.

दफनाच्या सकाळी मी गावच्या मुखियाकडे गेले. त्याने मला आत बसवलं, डोकं उघडं केलं. म्हणाला, "बाई, मी राक्षस नाही. माझीही आई तिकडे मातीत आहे, तिच्या कबरीकडे बघायला माणूस उरला नाही. पण नकाशात इथे कबरस्तान नाही. नकाशात नाही ते मी होऊ दिलं तर उद्या मलाच उठवतील. कागद आण."

"कागद कुठे मिळतो?"

"ताश्कंदला."

ताश्कंदहून कागद यायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, आणि मयत किती वेळ ठेवता येते तेही. परास्काने मधे तोंड घातलं. "या वर्षी टेकाड माझ्या पट्ट्यात आहे. माझ्या पट्ट्यात मी काय पुरते ते माझं मी बघेन." मुखिया खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याचा तोच होकार.

तोक्बायने जमिनीवर पेंढा पेटवून गोठलेली माती मऊ केली. बाबांसाठीही त्यानेच खणलं होतं, त्यामुळे दगड नसताना जागा त्यालाच माहीत. माणसं मोजकी. आम्ही बायका रीतीप्रमाणे खाली झोपडीपाशी थांबलो, उमसिनने हेल काढून रडायला सुरुवात केली आणि परास्काने मला धरून ठेवलं. कबरीवर उंचवटा केला नाही. परास्का कुठून तरी दोन दगड घेऊन वर निघाली होती, तोक्बायने अडवलं. दगड दिसतील. वरून बर्फ सारखा केला आणि सगळे खाली आले. आपली आई अशी आहे, कुणाला दिसू नये म्हणून सारख्या केलेल्या बर्फाखाली.

बर्फ वितळला की गावात पट्ट्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा पडतात. मग टेकाड कुणाकडे जाईल ते परास्कालाही सांगता येत नाही. ज्याच्याकडे जाईल तो नांगर घालेल. त्याचं चुकणार नाही. त्याला काय माहीत.

त्यावर उपाय एकच आहे, आणि तो मी इथल्या अर्जनविसाला विचारून घेतला आहे. टेकाड कबरस्तान म्हणून वगळावं असा अर्ज. पण नोंद सांगते की तिथे कधी कोणी राहत नव्हतं, मग कबरस्तान कुणाचं? म्हणून त्याबरोबर मोजणीच्या वेळी हजर असलेल्या माणसाचा जबाब हवा, की अक्काइनला बारमाही दोन माणसं राहत होती, वरी पिकवत होती. साहेब बदली होऊन गेला. तोक्बायचा अंगठा चालत नाही, त्याला फायदा आहे म्हणून. उरतोस तू. तो जबाब दिलास तर तुझा लेख खोटा पडतो हे मला दिसतं. नोकरीचंही काही होईल. हे सगळं दिसत असून मी मागते आहे.

आता शेवटचं, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दफन झाल्यावर तोक्बाय माझ्याजवळ येऊन बसला. जुनी गंमत सांगावी तसं सांगत होता, मला बरं वाटावं म्हणून. म्हणाला, "त्या दिवशी साहेबाने बेसेनला विचारलं, उन्हाळ्यात इथे कोण असतं? मी कोट घालून घोडा धरून शेजारी उभा. तेवढं रशियन मला कळतं, बाजारात हमाली केलीय. बेसेन ओढ्याच्या वळणाकडे बघत होता, वरी होती तिकडे. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, कोणी नाही. मला हसू दाबवेना, बाई. म्हटलं, पोरगा अगदी आईवर गेलाय, घराची लाज कशी झाकतो बघा."

आईलाही त्याने हे कधीतरी सांगितलं असावं, कारण जायच्या आदल्या दिवशी तीच म्हणाली, "बेसेनला बोल लावू नका. त्याने माझं ऐकलं. मी जागा झाडली आणि तो त्यावर चालला. चूक माझी." ती हे मानून गेली. मी मान हलवली.

पण मला मानता येत नाही आणि टाकताही येत नाही. ज्या बाईचं दूध प्यायलास तिचा नवरा हातभर अंतरावर उभा असताना तू "कोणी नाही" म्हणालास, ते आईची लाज राखायला की साहेबाच्या जिन्याला? तुझा लेख वाचेपर्यंत मी पहिलं समजत होते. पहिलं असेल तर जबाब लिहायला तुला काही जड नाही, आईच्याच सांगण्यावरून झाकलं होतं, आता तिच्यासाठीच उघडायचं. दुसरं असेल तर तसंही लिही. मी रागवायची नाही. फक्त मग पुढच्या वेळी शाल धाडू नकोस.

चष्मा परत पाठवते आहे, दुकानदार अर्धे पैसे तरी देईल. अर्जाचा मसुदा सोबत आहे, सहीची जागा मोकळी सोडली आहे. आज इथे उन्हं पडली, पागोळ्या सुरू झाल्या आहेत. काय ते उलट टपाली कळव.

अक्काइनला राहणाऱ्यांपैकी एक,
तुझी थोरली बहीण
नुरिला